"काका, हे तर रबर आहे!"

आज संध्याकाळी मानपाड्याला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'द थिंग' लावला होता. १९८२ चा, जॉन कार्पेंटरचा. अंटार्क्टिकातल्या एका तळावर माणसांची हुबेहूब नक्कल करणारा परग्रहावरचा प्राणी शिरतो, त्याची गोष्ट. तळावरचा नॉरिस टेबलावर निपचित पडलाय, डॉक्टर कॉपर शॉक द्यायला पॅडल टेकवतो, छाती जबड्यासारखी उघडते आणि कॉपरचे दोन्ही हात तोडून घेते. त्या क्षणी पहिल्या रांगेतला नववीतला मुलगा मोठ्यानं ओरडला, "काका, हे तर रबर आहे!" आणि अर्धा हॉल हसला. मोठी माणसं हसली. दोन तास झाले, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

(सिनेमा पाहिला नसेल तर इथंच थांबा. पुढे सगळं फोडणार आहे.)

रबर आहेच. पण ते 'रबर' बनतं कसं, हे हसणाऱ्यांपैकी एकाला तरी ठाऊक आहे का? फोम लेटेक्स म्हणजे द्रव लेटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकात, फेस आणणारा फोमिंग एजंट आणि रबर पक्कं करणारा क्युअरिंग एजंट घालून मिक्सरमध्ये घुसळायचं. फेस चार-पाच पट फुगला की वेग कमी करून मोठे बुडबुडे मोडायचे, नाहीतर चेहऱ्यावर खड्डे येतात. फेस घट्ट बसवणारा जेलिंग एजंट सगळ्यात शेवटी, आणि मग हातात मोजकी मिनिटं. खोली गरम असली की जेल लवकर बसतं, साच्याच्या टोकापर्यंत पोचायच्या आतच गोळा होतो आणि अख्खा घाणा वाया. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यात एसीशिवाय हा उद्योग करून बघा. मग साचा बंद करून ८५ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये काही तास. कमी भाजलं तर चिकट राहतं, जास्त भाजलं तर आक्रसतं. आणि हे झालं फक्त कातडीचं. आत हालचालीसाठी केबल, हवेच्या पिशव्या, हायड्रॉलिक्स, आणि टेबलाखाली आडवी पडून ते ओढणारी माणसं.

त्या छातीच्या सीनसाठी दोन्ही हात नसलेला माणूस आणला होता. त्याला मेणाची हाडं, रबराच्या शिरा आणि जेलीचं मांस असलेले हात बसवले, चेहऱ्यावर कॉपरचा मुखवटा चढवला. म्हणजे हात तुटतात त्या शॉटमध्ये तिथं खरोखर हात नसलेला माणूस उभा आहे. आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, कारण नजर हातांवर खिळलेली असते. मुखवटा खपतो तो त्यामुळे. हे सगळं रचणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीतला. वर्षभराहून जास्त काळ, सुट्टी न घेता राबला आणि शेवटी थकून हॉस्पिटलात भरती झाला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्राणी स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या इफेक्ट्सवाल्याकडून करून घ्यावा लागला, आणि विन्स्टननं त्याचं श्रेयसुद्धा घेतलं नाही. नॉरिसचं डोकं धडापासून सुटतं त्या शॉटला वितळणाऱ्या प्लास्टिकची वाफ सेटवर साठली होती. आग पेटवल्याबरोबर सगळ्यानंच पेट घेतला.

आणि आपण हसतो.

बरं, रबर दिसू नये म्हणून काय केलंय तेही बघा. सगळं ओलं ठेवलंय. जेली, मेयोनीज, मक्याचं क्रीम, गरम करून ताणलेलं बबलगम. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश तुटतो, जोड लपतात. कोरडं रबर दोन सेकंदांत ओळखू येतं, ओलं नाही. कॅमेरामन डीन कंडीनं प्रकाशही सगळीकडे पसरू दिलेला नाही, नेमक्या जागी ठेवलाय. आमच्या हॉलमध्ये मात्र मागची ट्यूबलाइट चालू होती. "लहान मुलं घाबरतील" म्हणून. मग रबर दिसणार नाही तर काय!

थंडीही खरी आहे. लॉस एंजेलिसच्या भर उन्हाळ्यात स्टुडिओतले सेट गार करून तोंडातून वाफ काढलीय, बाहेरचा बर्फ कॅनडातल्या स्टुअर्टचा आहे. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीमसुद्धा जानेवारी १९८२ मध्येच तिथं उतरली. २१ माणसं, गोव्याहून निघालेली. सिनेमात १२ आहेत. एवढ्या थोड्या माणसांत बाहेर पडायला जागा नसेल आणि शेजारचा माणूस माणूसच आहे का हे कळत नसेल, तर काय होईल? सिनेमा एवढाच आहे, आणि यासाठी रबराची गरजही नाही. सुरुवातीला तो कुत्रा (म्हणजे कुत्र्याच्या रूपातला तोच प्राणी) कॉरिडॉरमधून शांतपणे चालत येतो, एका दारात थांबतो, आत भिंतीवर सावली वळते, काळोख. कुणाची सावली ते ओळखू येऊ नये म्हणून तिथं नटांऐवजी स्टंटमन उभा केला होता. रक्ताचा एक थेंब नाही, आणि मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त भीती तिथं वाटते.

आता दोष. आहेत, नाही म्हणत नाही.

माणसं कच्ची लिहिलीत. नायक मॅकरेडी, चाइल्ड्स, शास्त्रज्ञ ब्लेअर, गॅरी सोडले तर बाकीचे नावानं लक्षात राहायला दुसऱ्यांदा बघावा लागतो. कोण कधी बदलला हे कोडं आहे, पण ज्याची ओळखच झाली नाही तो बदलला काय, न बदलला काय! बाईचं एकही पात्र नाही, फक्त बुद्धिबळाच्या कॉम्प्युटरचा आवाज बाईचा. ब्लेअरचा तो दुसरा कॉम्प्युटर सांगतो की २७,००० तासांत सगळं जग बाधित होईल. म्हणजे तीन वर्षं. कशावरून? कुठला डेटा भरला त्यानं? आकडा भीतीदायक आहे म्हणून टाकलाय. तपासणीसाठी लागणाऱ्या रक्ताच्या पिशव्या कुणी फोडल्या याचं उत्तर नाही. स्वयंपाकी नॉल्स शेवटी चालत जातो आणि गायब, पटकथेनं त्याला सरळ टाकून दिलाय. आणि ब्लेअरचाच झालेला शेवटचा तो मोठा राक्षस सगळ्यात कमजोर. स्टॉप मोशनचं (पुतळा थोडा थोडा हलवत एकेक चित्र घेऊन केलेलं) बरंचसं काम कापलं, त्यामुळे आला कधी आणि उडाला कधी हेच कळत नाही. तिथं तो मुलगा "रबर" म्हणाला असता तर मी गप्प बसलो असतो.

१९८२ मध्येही लोकांनी झिडकारलाच होता. दोन आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी 'ई.टी.' येऊन गेलेला, मग हा कुणाला हवा होता? समीक्षकांनी किळसवाणा ठरवला. किळस आहेच, मान्य. पण २०११ मध्ये याच्या आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा आला, तेव्हा असेच हातानं बनवलेले पुतळे तयार होते आणि त्यांच्यावर कॉम्प्युटरची चित्रं चढवली. तो बघून कुणी "रबर" म्हणत नाही. पण तो मध्यरात्री कुणाला आठवतही नाही.

लिहायला बसलो तेव्हा राग त्या मुलावर होता. आता तो चुकीच्या माणसावर काढला असं वाटतंय. तो निदान पडद्याकडे बघत होता! त्याच्यामागे हसणारे दोघं तर मॅचचा स्कोअर बघत होते.

कारण नंतर रक्ताची टेस्ट आली. सगळे खुर्च्यांना बांधलेले, मॅकरेडी तार तापवतो आणि एकेकाच्या रक्तात बुडवतो. प्राण्याचं रक्त असेल तर ते चटक्यानं उडणार. विंडोज माणूस. तो स्वतः माणूस. कॉपर माणूस. क्लार्क माणूस, ज्याला त्यानं थोड्याच वेळापूर्वी गोळी घातली. मग तो गॅरीशी वाद घालतो, तुझी शेवटी घेतो म्हणतो, आपलं लक्ष गॅरीकडे, आणि बोलता बोलता तार पामरच्या वाटीत जाते. मी त्या वेळी पडद्याकडे नाही, पहिल्या रांगेकडे बघत होतो. त्या मुलानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते. वाटीतलं रक्त उडालं तेव्हा तो काहीच बोलला नाही.

नंतर लिफ्टपाशी भेटला. "काका, क्लार्क माणूसच होता. मग त्याला उगाच मारलं ना?"

हो म्हटलं.