आयटी संपलं

"आयटी संपलं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. डेअरीवाला "म्हशीचं संपलं" म्हणतो ना, अगदी त्या सुरात. मग मान वर न करता पुढचं वाक्य आलं, "मराठी आहे. देऊ?"

हे "देऊ?" मला अजून सलतंय. गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून दुकानदार कालचा पाव पुढे करतो, तसं ते होतं.

प्रसंग साधाच: भाचीची अकरावी सायन्स, विषयांचा फॉर्म, आणि सोबत मामा. मुख्य विषय सहा, प्रत्येकी 100 गुणांचे. इंग्रजीला पर्याय नाही. फिजिक्स-केमिस्ट्री कॉलेजनेच छापून ठेवलेलं. उरल्या तीन जागा, त्यात दुसरी भाषा, गणित आणि बायो. सगळी मारामारी या तीन जागांवर. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर ते 200 गुणांचं, म्हणजे एकटं दोन खुर्च्या अडवतं: भाषा जाते आणि बहुतेक वेळा बायोही जातं. बायो गेलं की राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायो, गट गेला आणि मेडिकलची नीटही. या प्रकाराला बायफोकल म्हणतात, सरकारी मराठीत द्विलक्षी. ऐकणाऱ्याला वाटावं चष्म्याचा नंबर काढायला आलोय.

आयटीचं तसं नाही. ते 100 गुणांचं, फक्त भाषेला ढकलून तिच्या जागी बसतं. गणितही राहतं, बायोही राहतं. म्हणून ते सगळ्यांना हवं, आणि म्हणूनच संपतं. लॅबमध्ये मशिनं मोजकी, त्यामुळे बॅचेस मोजक्या. बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणून फी वेगळी. मराठीला फळा आणि खडू पुरतो. ती संपणार कशी?

"मराठी? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

हे मागून आलं. वळून पाहिलं तर साठीचे एक काका. खांद्याला शबनम, हातात फोल्डर, फोल्डरमधून डोकावणाऱ्या झेरॉक्स. त्यांची मुलगी कॉमर्सला. तिचा एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स हा प्रश्न अजून लोंबकळत होता, पण तो बाजूला ठेवून काका आमच्या मदतीला धावले होते.

"मराठी म्हणजे दगडावर डोकं आपटणं हो. रसग्रहण लिहा, कल्पनाविस्तार करा आणि शेवटी तपासणाऱ्याच्या मर्जीवर. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, अशी गत होते पोरांची. आयटीला टिचकी मारली की मार्क."

म्हटलं, दोन्हीकडे लेखी 80 आणि उरलेले 20 कॉलेजच्या हातात. शिवाय आयटीचा पेपर संगणकावर असला तरी सगळा टिचकीचा नसतो, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅमही लिहावे लागतात.

"लष्कराच्या भाकऱ्या!" काका म्हणाले. हे कशाला लागू होतं ते कळलं नाही, पण बसलं झकास.

त्यानंतर काका जे बोलले त्याला मी दाद देतो. दहा मिनिटांत आठ म्हणी, दोन वाक्प्रचार, एक आर्या आणि एक ओवी, तीही चालीत. रांगेतली पोरं मोबाइल खाली घालून ऐकत होती. "काय ती भाषा!" काकांचे डोळे खरोखरच पाणावले. "या ओवीला जगात तोड नाही, साहेब." जरा थांबून म्हणाले, "पण स्कोअरिंग नाही."

"काका, तुम्ही कुठल्या शाखेचे?"

"आर्ट्स. मराठी विषय घेऊन बी.ए. फर्स्ट क्लास."

आता यावर काय बोलणार? मराठी शाळांमध्ये सक्तीची करणारा कायदा 2020 साली झाला, पण तो दहावीपर्यंत. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आणि अकरावीच्या फॉर्मवर अभिजात मराठी कुठे, तर आयटीच्या खाली, हिंदीच्याही खाली, "वरीलपैकी जागा नसल्यास" या ओळीच्या शेजारी. पोरांना तरी काय बोल लावायचा? टक्क्यांवर जग चालवायचं आणि वर त्यांनी रसग्रहणाच्या प्रेमात पडावं अशी अपेक्षा धरायची.

भाचीला खरं तर भूगोल हवा होता. मंडळाच्या सायन्सच्या यादीत भूगोल आहे, भूशास्त्र आहे, मानसशास्त्रही आहे. मी खिडकीत विचारलं. बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "भूगोल आर्ट्सला," म्हणाल्या. यादीत विषय असणं वेगळं, त्याला शिक्षक, मान्यता आणि टाइमटेबलात तास असणं वेगळं. घरी आठवडाभर "तुझी आवड काय ते ठरव" असं तिला बजावत होतो. पोरीने मुकाट्याने मराठीवर टिक केली.

"घाबरू नकोस बाळ," काका म्हणाले. "पुढच्या फेरीत पोरं दुसऱ्या कॉलेजात पळतात तेव्हा आयटीच्या जागा सुटतात. विषयबदलाचा अर्ज आजच देऊन ठेव, प्राचार्यांच्या नावे. नंतर तारीख गेली की हेच विषय बारावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर उतरतात, मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत. पावतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नकोस."

सल्ला शंभर टक्के बरोबर होता, हीच पंचाईत. काकांनी शबनममधून कोरा कागद काढला, फोल्डर तिच्या हाताखाली सरकवलं आणि मजकूर सांगायला लागले. "मला देण्यात आलेल्या मराठी या विषयाऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय मिळावा, ही नम्र विनंती."

भाचीने लिहिलं. काका कागदावर वाकले आणि त्यांचा चेहरा पडला.

"विनंतीतली ती दीर्घ गं," म्हणाले. "एवढं मराठी तरी यायला हवं."