पालखीचे एक घर वाढले तर

शिमग्याच्या आधी आमच्या वाडीची बैठक होते आणि पालखी कोणत्या दिवशी कोणत्या घरी जाणार ते तीत ठरते. जयगडच्या खाडीकाठची आमची वाडी लहान आहे. घरे चाळीसच्या आत आणि त्यांतली निम्मी एरवी कुलूपबंद, त्यामुळे पूर्वी ही बैठक चहा निवण्याच्या आत उरकत असे. यंदा ती दोन रात्री चालली आणि तरीही संपली नाही. वाडीतल्या एका मुलीने पाच वर्षांपूर्वी एका नेपाळी माणसाशी लग्न केले. तो तिच्या माहेरच्या जागेत घर बांधून राहिला, होड्यांची इंजिने दुरुस्त करून आणि आंब्यावर फवारणी करून पोट भरू लागला, आणि यंदा त्याने पाचशे एक रुपये वर्गणी पुढे करून पालखी आपल्याही दारात यावी अशी विनंती केली. त्यावर भाऊबंद म्हणाले, की बायकोच्या गावात येऊन राहिलेल्याचे घर वाडीच्या घरांत मोजता येत नाही. तो सासऱ्याकडचा पाहुणा, आणि सासऱ्याच्या दारात पालखी जातेच आहे. एकाने तर असे म्हटले, की बायकोच्या जिवावर गावात शिरायचे आणि गावच्या मुलांच्या तोंडचा घास काढायचा, हा प्रकार आता थांबला पाहिजे.

हे सारे मी जर्मनीतल्या ब्रेमरहाफनमध्ये, पहाटे साडेचार वाजता, फिशराय-हाफनकडे, म्हणजे मासळी बंदराकडे, जाणाऱ्या पहिल्या बसची वाट पाहत थांब्यावर उभ्याने ऐकले, कारण भावाने बैठकीचे ध्वनिमुद्रणच फोनवर पाठवले होते. मला राग आला, आणि तो काही केवळ त्या नेपाळ्याच्या कळवळ्याने आलेला नव्हता. मीही बायकोच्या गावात येऊन राहिलेला माणूस आहे. २०१७ साली आलो, सासूबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर उतरलो आणि आजही त्याच मजल्यावर राहतो. माझी वर्गणी अकरा हजार रुपये असते. ती दरवर्षी आनंदाने घेतली जाते, गाऱ्हाण्यात माझे नाव घेऊन देवीकडे मागणे मागितले जाते, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही शिमग्याला गावात नसलो तरी आमच्या घराच्या माझ्या वाटणीच्या पडवीसमोर पालखी मुद्दाम थांबवतात. त्या पडवीत सध्या भावाच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या आहेत.

कायद्याने पाहायचे तर तो नेपाळी माणूस आमच्या वाडीत जितका घरचा आहे तितका मी इथे अनेक वर्षे नव्हतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची आणि व्यापार करण्याची मुभा दिलेली आहे. मला मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रत्नागिरीत तीस दिवसांची नोटीस लावून लग्न करावे लागले, रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन मॅक्समुल्लर भवनात जर्मनची पहिली परीक्षा द्यावी लागली आणि बायको परत गेल्यावर सात महिने व्हिसाची वाट पाहत बसावे लागले. एवढे झाल्यावर मात्र इथल्या सरकारने हातात जे कार्ड दिले त्यावर पहिल्याच दिवशी छापलेले होते, की या माणसास उपजीविका करण्यास मुभा आहे. कोणाच्या तोंडचा घास तो काढील, हे कार्डावर लिहिलेले नव्हते. आमच्या वाडीच्या बैठकीने हे कार्ड एकदा पाहावे असे मला फार वाटते.

अर्थात मुभा मिळणे आणि उपजीविका होणे यांत बरेच अंतर असते. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा पदवीधर आहे आणि इथे येण्यापूर्वी मिरकरवाड्याच्या बंदरावर एका निर्यातदाराकडे मला बऱ्यापैकी पगार होता. इथे पहिले वर्ष सहाशे तास भाषा आणि शंभर तास जर्मन इतिहास व कायदा शिकण्यात गेले. त्या काळात घर बायकोच्या पगारावर चालले आणि भाडे सासूबाईंनी कधी मागितले नाही. दुसऱ्या वर्षी कारफ्रायटागच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच्या गर्दीसाठी मासळीच्या एका कारखान्याने हंगामी माणसे घेतली. तिथे मी बर्फाच्या पाण्यात हात घालून दिवसाचे आठ तास रोटबार्श नावाच्या माशाचे काटे काढत असे, आणि तेव्हाचे किमान वेतन तासाला ८ युरो ८४ सेंट होते. करासाठी बायको कमी कपातीच्या तिसऱ्या वर्गात आणि मी जास्त कपातीच्या पाचव्या, त्यामुळे पगारपत्रकावर कापून गेलेला आकडा पाहिला की आपण कामाला गेलो होतो की दंड भरायला, असा प्रश्न पडे. आईला मात्र मी फोनवर सांगितले होते, की कारखान्यात देखरेखीचे काम आहे. तिने ते वाडीभर सांगितले आणि पुढच्या गणपतीत मी सुपरवायझर झालो.

आज ते काही अंशी खरे झाले आहे. मी आता प्रयोगशाळेत असतो, आणि बांगड्याच्या कुळातले मासे आले की त्यांच्या नऊ नमुन्यांत हिस्टामिन किलोमागे सरासरी १०० मिलिग्रॅमच्या वर नाही ना, हे पाहण्याचे काम माझे असते. मासा पकडल्यावर लगेच थंड केला नाही की हे विष तयार होते आणि मग तो कितीही शिजवला तरी ते जात नाही, हे मी शिरगावात विसाव्या वर्षी शिकलो होतो. ते ज्ञान कामी यायला मध्ये पाच वर्षे काटे काढावे लागले.

घरजावई या शब्दावरही मला काही बोलायचे आहे. माझी आई गुहागर तालुक्यातून लग्न करून आमच्या वाडीत आली, माझ्या दोन्ही काकू बाहेरच्या, वहिनी लांज्याची. या सगळ्या जोडीदाराच्या गावात येऊन राहिल्या, तिथल्या बागेत आणि चुलीपाशी राबल्या, आणि त्यांनी कोणाच्या तोंडचा घास काढला असे कधी कोणी म्हटले नाही. उलट वर्षभरात त्यांना वाडीचे कुलाचार त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त पाठ झाले. तेच पुरुषाने केले की त्याच्यासाठी वेगळा शब्द आणि त्या शब्दाला चिकटलेले हसणे तयारच असते. इथल्या भाषेत लग्न करून घरात आलेल्याला ‘आइनगेहाइराटेट’ म्हणतात आणि तो शब्द सुनेलाही लागतो, जावयालाही. मी हे बैठकीला कळवले. त्यावर एका काकांनी विचारले, की मग तिथे तुला घरचा मानतात का रे? मी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले आणि मग मानतात असे लिहिले. सासूबाईंच्या शेजारीण आजी अजूनही माझ्याविषयी माझ्यासमोरच ‘तुमचा तो’ असे म्हणतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत आमच्या बसथांब्यावर जे फलक लागतात त्यांवरचा मजकूर आमच्या बैठकीतल्या त्या वाक्यापेक्षा फारसा वेगळा नसतो, हे मी लिहिले नाही.

पण घास कोणाच्या तोंडचा, हा प्रश्न मी सोडणार नाही. आमच्या वाडीची मुले दिव्याला आणि विरारला राहतात. ती फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कलमांखालून फिरायला परत येणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही, कारण मी तरी कुठे गेलो? हंगामात बागांची राखण नेपाळी माणसे करतात, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे जातात, आणि ती एक वर्ष आली नाहीत तर हापूस झाडावरून पेटीत कसा उतरेल ते बैठकीतल्या एकाही वक्त्याला सांगता येणार नाही. ब्रेमरहाफनला हे चांगले ठाऊक आहे. १८३० ते १९७४ या काळात इथल्या धक्क्यावरून बहात्तर लाख माणसे देश सोडून बोटीत बसली, त्यांतली बहुतेक अमेरिकेला गेली, आणि त्यांचे एक मोठे संग्रहालय २००५ मध्ये बंदरावर उभे राहिले. पुढे २०१२ मध्ये त्याच संग्रहालयाने शेजारी नवी इमारत बांधून बाहेरून जर्मनीत येणाऱ्यांनाही जागा दिली. सत्तरच्या दशकात आइसलँडने आपल्या समुद्राची हद्द दोनशे मैलांपर्यंत नेली तेव्हा इथल्या मासेमारीचा कणा मोडला. आज इथले कारखाने दुसऱ्यांनी पकडलेल्या माशांवर चालतात. या किनाऱ्यावर पकडलेली करडी कोळंबी तर सोलायला ट्रकने मोरोक्कोला जाते आणि सोलून परत येते. हे मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, की एवढ्या लांब कशाला, आमच्याकडे पाठवा.

इथपर्यंत माझा युक्तिवाद मला निर्दोष वाटत होता. पण त्या ध्वनिमुद्रणात एके ठिकाणी बैठकीत विचारणा होते, की त्या माणसाचे नाव काय लिहायचे, आणि कोणी तरी सांगतो, बहादूर लिहा. तेवढ्यावर सगळे पुढे जातात. आमच्या बागेतही एक राखणदार होता. मी शाळेत होतो तेव्हापासून पदवी होईपर्यंत दर हंगामात तो यायचा, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या खोपीत झोपायचा आणि रात्री वानरे आली की पत्र्याचा डबा वाजवायचा. त्याला आम्ही बहादूर म्हणायचो. त्याच्या जागी दुसरा आला, त्यालाही बहादूर म्हणायचो. दोघांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही. कारखान्यात माझ्या नावातला ‘ज्ञ’ कोणाच्या जिभेवर बसत नाही म्हणून मला डॅनी म्हणतात. ते नाव मी स्वतःच सुचवले होते, तेव्हा दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, असे मी बायकोला पटवून देण्याचा प्रयत्न केला. तिने नुसतेच ऐकून घेतले. ती वेळासच्या कासव महोत्सवाला आली होती तेव्हा आमची ओळख झाली, आणि त्या आठवड्यात ज्या माणसाने तिला रोज शहाळी काढून दिली त्याचे नाव तिला अजून आठवते.

रविवारी भावाचा फोन आला. मी पुन्हा तावातावाने सुरू झालो, करार, कार्ड, दिवा, विरार, सगळे सांगून टाकले. भाऊ शांतपणे म्हणाला, की तुला मूळ भानगड माहीतच नाही. त्या नेपाळ्याशी कोणाचे वाकडे नाही, माणूस सरळ आहे, निम्म्या वाडीची इंजिने तोच पाहतो. पण त्या मुलीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही. तिच्या भावांनी कागद तयार करून आणला होता, तिने तो वाचला आणि माझा वाटा मला हवा आहे असे सांगितले, आणि घर बांधले आहे ते सासऱ्याच्या मेहेरबानीने मिळालेल्या जागेवर नव्हे, तिच्या हिश्श्याच्या गुंठ्यांवर. उद्या त्या दारात पालखी थांबली, तिथे तिने देवीची ओटी भरली, म्हणजे ते वेगळे घर वाडीने मान्य केले असे होईल, आणि मग बाकीच्या मुलीही कागद वाचायला लागतील.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क कायद्याने २००५ सालीच मिळाला आहे, हे मी भावाला सांगायला तोंड उघडले आणि मिटले. कारण २०१९ साली, वडील गेल्यानंतर, दोन आठवड्यांची रजा काढून मी गावी गेलो होतो ते त्याच कामासाठी. ताई चिपळूणहून सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आली, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन तास बाकावर बसली, तिने अंगठा उमटवला, सही केली, आणि मग आम्ही तिघांनी मिळून सुरमईचे जेवण घेतले. मी तिला पैठणी दिली आणि इथून नेलेली चॉकलेटे दिली. सातबाऱ्यावर आता आईसोबत आम्हा दोघा भावांचीच नावे आहेत. परत आल्यावर बायकोने विचारले होते, की तुझ्या बहिणीने सही का केली, इथे तर आईबापांनी मृत्युपत्रातून लेकीला वगळले तरी कायद्याने होणाऱ्या वाट्याचा निम्मा भाग तिला मिळतोच. आमच्याकडे तशी पद्धत आहे, असे मी म्हणालो होतो. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मला केव्हाच करता आला असता. तो करत नाही त्याचे कारण मी सगळ्यांना असे सांगतो, की भारतीय पासपोर्ट गेला तर पुढे गावी शेतजमीन विकत घेता येणार नाही. जी आहे तिच्यात मी २०१९ नंतर पाऊल टाकलेले नाही.

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. बैठकीची हकिगत सांगितली, पाचशे एक रुपयांचे सांगितले, आणि मग त्या मुलीचेही सांगितले. ताईने विचारले, “तिनं सही केलीच नाही?” मी म्हटले, नाही. ती काही वेळ बोलली नाही. मागे तिच्या मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग तिने विचारले, की यंदा कोकमे किती किलो पाठवू, आणि सासूबाईंना आगळ लागते की नुसती सोले चालतील.