‘पासवर्ड द्या आणि निश्चिंत व्हा’: ताईला आलेल्या मेसेजला माझं उत्तर

सोलापुरात माझी ताई घरूनच शेंगदाणा चटणी, मेतकूट आणि भाजणी विकते. परवा रात्री तिने बचत गटाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘एक मुलगा मिळालाय, उद्या त्याला पासवर्ड देते.’ मी त्याच मिनिटाला फोन लावला.

मेसेजचं नाव ‘महिना 500 रुपयांत मार्केटिंग’. सल्ले सहा. एजन्सी नको, फ्रीलान्सर (सुटं काम घेणारा, नोकरीत नसलेला माणूस) घ्या. त्याला जीमेल आणि इन्स्टाग्रामचे पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी द्या आणि निश्चिंत व्हा. 300 रुपयांत लोगो करून घ्या, पैसे दिले की तो कायमचा तुमचा. गुगलवर 50 फाइव्ह स्टार रिव्ह्यू विकत घ्या. मजकूर एआयकडून फुकट लिहून घ्या. आणि काम पसंत पडलं नाही तर पैसे देऊ नका. वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण. मी सहा वर्षं छोट्या दुकानांसाठी हेच काम करते. असले सल्ले ऐकून झालेलं नुकसान निस्तरायला बायका शेवटी आमच्याकडेच येतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला सल्ला चुकीचा नाही, एवढं मान्य करावं लागेल. दिवाळीआधी दहा पोस्ट, एक दरपत्रक, गुगलवर दुकानाची नोंद, एवढ्यासाठी एजन्सी लागत नाही. कॉलेजात शिकणारी मुलगीसुद्धा हे नीट करते. पण 500 रुपयांत अख्खा महिना? रोज एक पोस्ट धरली तर एका पोस्टला 17 रुपयेही पडत नाहीत. त्यापेक्षा तिला दहाच पोस्टचं काम द्या, भाव आधी बोला आणि तेवढंच घ्या.

आता दुसरा सल्ला. मला झोप लागली नाही ती याच्यामुळे.

ताईचा सगळा धंदा तिच्या फोनमध्ये आहे. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, गिऱ्हाइकांचे पत्ते तिथेच, पैसे आल्याचे स्क्रीनशॉट तिथेच. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी ओटीपी दुसऱ्याला सांगितला की ते खातं त्याच्या फोनवर सुरू होतं आणि ताईच्या फोनवरून बंद पडतं. जीमेलचा पासवर्ड दिला तर बाकीच्या बहुतेक पासवर्डांची किल्ली त्याच्या हातात, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटल्यावर तो बदलायची लिंक त्याच जीमेलवर येते. मुलगा सज्जन असेलही, पण त्याचा फोन चोरीला गेला तर?

माझ्याकडे आलेल्या एका लोणचीवाल्या काकूंची गुगलवरची नोंद आधीच्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून केली होती. मुलगा नोकरीला लागला, नंबर बदलला. काकूंनी जागा बदलली, तरी नकाशावर जुनाच पत्ता. ऐन सणाच्या दिवसांत गिऱ्हाइकं कुलूप बघून परत जात होती आणि काकूंना स्वतःच्याच दुकानाचा पत्ता बदलता येत नव्हता. मालकी मागण्याचा अर्ज, मग पुरावे, मग वाट बघणं. सण तोवर संपला.

आणि यातल्या कशाचीच गरज नसते. गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीवर, मालक तुम्ही राहता आणि मदतनिसाला त्याच्या ईमेलवरून ‘मॅनेजर’ म्हणून जोडता. तो फोटो टाकतो, वेळा बदलतो, रिव्ह्यूंना उत्तरं देतो, पण तुम्हाला काढू शकत नाही. काम संपलं की त्याचं नाव काढायचं. फेसबुक पेजलाही असाच प्रवेश देता येतो आणि इन्स्टाग्रामचं बिझनेस खातं पेजला जोडलं की पासवर्ड न देता तेही काम होतं. नोंद मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याच जीमेलवर हवी.

लोगोचं म्हणणं तर सरळ कायद्याच्या विरुद्ध आहे. 1957 चा कॉपीराइट कायदा बघा. कलम 17 प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे ती करणारा. नोकरीत असताना केलेलं काम साधारणपणे नोकरी देणाऱ्याचं होतं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे ताईच्या बरण्यांचे फोटो तिचे. पण फ्रीलान्सर नोकर नसतो आणि लोगो म्हणजे फोटो नव्हे. कलम 19 सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी हवा, देणाऱ्याची सही हवी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे ‘कायमचा’ हा शब्द कागदावर असावा लागतो. हजारो पाउच छापून घेण्याआधी एक कागद करा: ‘या लोगोचे सर्व हक्क कायमसाठी आणि जगभरासाठी अमुक यांना दिले’, रक्कम, तारीख, त्याची सही. आणि मूळ फाइल मागून घ्या. नुसत्या जेपीजीवर, म्हणजे साध्या फोटोच्या फाइलवर, छापखाना अडतो.

विकतच्या रिव्ह्यूंवर फार लिहीत नाही. ते फसवणूक आहेत. गुगलच्या नियमांत बसत नाहीत, सापडले की काढले जातात, नवे रिव्ह्यू काही काळ बंद होऊ शकतात आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना गिऱ्हाइकांना दिसू शकते. एआयचा मजकूर वापरा, पण वाचून. ‘मेतकुटाने शुगर बरी होते’ असं काही त्यात आलं आणि तसंच छापलं, तर जबाबदारी ताईची. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे.

‘पसंत नसेल तर पैसे देऊ नका’ हे वाचून मात्र राग आला. त्या मुलानेही रात्री जागून काम केलेलं असतं. किती वेळा बदल करून मिळतील ते आधी ठरवा, थोडे पैसे आगाऊ द्या, बाकीचे काम हातात आल्यावर. त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) असेल तर 2006 च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या, कायद्याने काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच, पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ.

सकाळी ताईने त्या मुलाचा नंबर दिला, मी बोलले. त्याने पासवर्ड मागितलाच नव्हता. ‘मी मावशींना म्हटलं होतं, मला मॅनेजर म्हणून जोडा,’ तो म्हणाला, ‘त्या म्हणाल्या, मेसेजमध्ये पासवर्ड द्या असं लिहिलंय.’