फेरिटिन ९००, तरी लोहाची गोळी? एका प्रतिक्रियेला उत्तर

कोविडने दाखल झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर जो लेख लिहिला होता, त्याखाली एका ताईंची प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: "आईचं हिमोग्लोबिन ॲडमिट करताना ११.२ होतं, बाराव्या दिवशी ८.६. तुम्ही म्हणता दाखल रुग्णात हे अपेक्षित असतं. हे हॉस्पिटलच्या हलगर्जीपणावर पांघरूण घालणं झालं. ८.६ असूनही रक्त चढवलं नाही. मशीनवर ऑक्सिजन ९६ दिसायचा, तरी तिला संडासपर्यंत जाताना दम लागायचा. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ९०० आलं होतं, म्हणजे लोह भरपूर. मग आता महिन्याने लोहाची गोळी कशाला?"

ताई, एक गोष्ट आधीच मान्य करतो. "अपेक्षित असतं" हे माझं वाक्य अर्धवट होतं. किती दिवसांत किती उतरलं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. लेखात ते दुरुस्त केलं आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि त्याची कारणं आकड्यांसकट देतो.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे अस्थिमज्जेने नवीन पेशी बनवणं पूर्ण थांबवलं असं धरलं, तरी रोज शंभरातली एकच पेशी कमी होणार, त्याहूनही किंचित कमी. बारा दिवसांत दहा टक्के. ११.२ चे दहा टक्के म्हणजे १.१. आता रक्त तपासणीचं बघा. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये (रक्त घ्यायच्या छोट्या नळीत) २ ते ३ मिली जातं. डी-डायमर या रक्ताच्या गुठळीच्या तपासणीसाठीचा फिकट निळा सायट्रेट बल्ब खुणेपर्यंत भरावाच लागतो, नाहीतर रिपोर्ट चुकतो. त्यात पावणेतीन मिली. प्लेन बल्बमध्ये ४-५ मिली, आणि धमनीतलं रक्त घेतलं तर आणखी एक-दोन. दिवसातून दोनदा घेतलं की २५ मिली सहज होतात. बारा दिवसांचे ३००. पंचावन्न किलोच्या बाईच्या अंगात रक्त असतं साडेतीन लिटरच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ टक्के रक्त बल्बांतच गेलं. हिमोग्लोबिनच्या भाषेत ते ०.९ ते १. अतिदक्षता विभागात तर रोजचा हा आकडा ४० ते ७० मिलीपर्यंत जातो.

दोन्ही मिळून २ चा उतार झाला, म्हणजे ११.२ वरून ९.२. उरलेल्या ०.६ चं काय? चार दिवस ताप आणि तोंडात पाण्याचा घोट नाही, अशा अवस्थेत आलेल्या माणसाचं रक्त आटलेलं असतं. पहिल्या दिवसाचा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा चढा दिसतो आणि सलाईन लागलं की खाली येतो. आईच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण बारा दिवसांत २.६ उतरायला रक्तस्राव झालाच असला पाहिजे, असं नाही. हाच उतार तीन दिवसांत झाला असता, तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. मज्जा बंद पडून तीन दिवसांत जेमतेम ०.३ जातं. बाकीचं कुठे गेलं हे शोधायलाच हवं होतं.

शोधायचं कुठे, तेही सांगतो. कोविडच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्यासाठी पोटावर हेपॅरिन गटाचं इंजेक्शन मिळतं आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त दहा दिवस. या जोडीने जठरातून रक्त जाऊ शकतं. जोराचा खोकला असेल तर पोटाच्या स्नायूत किंवा मांडीच्या वरच्या आतल्या स्नायूत रक्त साठतं. बाहेर थेंबही दिसत नाही. कंबर किंवा जांघ दुखते, नाडी वाढते, रक्तदाब पडतो. निदान सीटी स्कॅनवर होतं.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे सलाईन चालू असलेल्या हातातूनच घेतलेला नमुना. हिमोग्लोबिन एकदम ११ वरून ७, आणि त्याच रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही त्याच प्रमाणात पडलेल्या. डेक्स्ट्रोज चालू असेल तर त्याच नमुन्यात साखर ५००-६०० येते. असा रिपोर्ट बाजूला ठेवून दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घ्यायचं, एवढाच उपाय. क्वचित कोविडमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लागतं. थंडीत गोळा होणारी प्रतिपिंडं असतील तर पेशी बल्बमध्ये चिकटतात. मशीन मग लाल पेशींची संख्या अगदी कमी दाखवतं आणि एमसीएचसी (लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३७ च्या वर, जे एरवी सहसा होत नाही. जाणकार तंत्रज्ञ तो बल्ब ३७ अंशांवर गरम करून पुन्हा लावतो आणि आकडे जागेवर येतात. मग कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) बघायचे. एलडीएचवर (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) इथे विसंबू नये. कोविडच्या फुफ्फुसामुळे ते आधीच वाढलेलं असतं.

आता फेरिटिन. हा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण हा गैरसमज वॉर्डातही ऐकू येतो. निरोगी माणसात फेरिटिन लोहाचा साठा सांगतं. तापात ते स्वतःच वाढतं, साठा असो वा नसो. संसर्ग झाला की इंटरल्युकिन-६ हे इशारा देणारं प्रथिन वाढतं, त्याच्या इशाऱ्यावर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि हेप्सिडिन पेशींतून लोह बाहेर पडायची वाट बंद करतं. आतड्याने शोषलेलं लोह आतड्याच्या पेशीतच अडकतं, जुन्या लाल पेशींतून सुटलेलं लोह भक्षक पेशींत. जंतूला लोह मिळू नये म्हणून शरीर हे करतं, पण उपाशी मज्जाही राहते. म्हणून कोविडमध्ये फेरिटिन ९०० हा दाहाचा, म्हणजे संसर्गाने पेटलेल्या प्रतिकाराचा आकडा आहे. त्यावरून "लोह भरपूर" म्हणणं चूक. त्याच दिवशी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोहवाहक प्रथिन किती टक्के लोहाने भरलंय) केलं असतं, तर ते बहुधा २० टक्क्यांच्या खाली मिळालं असतं. याच कारणाने तापात लोहाची गोळी देऊन उपयोग नसतो, आणि शिरेतून लोह त्या काळात टाळतात.

शिवाय एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, पुरुषाचं १३ च्या खाली. म्हणजे आई ११.२ वर दाखल झाल्या तेव्हाच त्यांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला २०२० मध्ये तपासलेल्या २५९ दाखल कोविड रुग्णांत हे प्रमाण २४.७ टक्के होतं आणि बहुतेकांचा प्रकार दाहाचाच होता. आपल्याकडे त्या दाहाखाली आधीपासूनची लोहाची कमतरता दडलेली असते, आणि तापातल्या फेरिटिनमुळे ती झाकली जाते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसात बी-१२ चीही शंका घ्यावी. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) १०० च्या वर असेल तर नक्कीच.

ऑक्सिमीटरबद्दल. तो सांगतो, आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. ८.६ (म्हणजे १०० मिली रक्तात ८.६ ग्रॅम) आणि ९६ टक्के धरले, तर १०० मिली रक्तात ११ मिली ऑक्सिजन. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १३ आहे आणि ऑक्सिमीटर ९० दाखवतोय, तिच्या रक्तात १५.७ मिली. म्हणजे ९६ असूनही आईच्या रक्तात जवळपास तीस टक्के कमी. दम खरा होता. फुफ्फुसाच्या वाट्याचा दम वेगळा, हा त्यावर आणखी.

मग रक्त का चढवलं नाही? कारण स्थिर रुग्णात ती रेघ ७ वर आहे, हृदयविकार असेल तर ८ वर. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं, आणि त्यासाठी २५०-३५० मिली द्रव शिरेत जातो. कोविडने सुजलेल्या फुफ्फुसात हाच द्रव दम वाढवू शकतो. छातीत दुखत असतं, नाडी १२० वर असती किंवा रक्तस्राव चालू असता, तर आकड्याकडे न बघता रक्त दिलं असतं. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) रुग्णांचं गणित आणखी वेगळं. त्यांचं नेहमीचंच हिमोग्लोबिन ७-८ असतं आणि ते १० च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन घात होतो.

आता गोळी. महिना झालाय, ताप नाही, म्हणजे हेप्सिडिन उतरलेलं असणार. लोह शोषलं जायची हीच वेळ. सीआरपी (दाहाची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन एकाच नमुन्यात करून घ्या. आता फेरिटिन ३० च्या खाली आलं, तर लोहाची कमतरता नक्की, प्रश्नच मिटला. ६० ते १०० मिग्रॅ लोहाची एक गोळी, दिवसातून एकदाच किंवा दिवसाआड, उपाशीपोटी. चहा, दूध, कॅल्शियम आणि झिंक यांच्यापासून दोन तास लांब. कोविडच्या वेळी सुरू झालेलं पँटोप्राझोल (ॲसिडिटीचं औषध) अजून चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, त्याने लोहाचं शोषण कमी होतं. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी बदलत बसू नका, कारण शोधा. आकडा भरल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, साठा त्यानंतर भरतो.

गोळीने शौच काळं होतं. ते घट्ट, हिरवट काळं असतं. डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं असेल, तर ते गोळीचं नाही, रक्ताचं आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुमच्या मूळ शंकेसाठी: फाइलमधले सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावा. उतार रोजचा थोडा थोडा असेल, तर वरचं गणित लागू पडतं. कुठे दोन दिवसांत दीडच्या वर उडी दिसली, तर त्या दोन दिवसांची नर्सिंग शीट आणि औषधांचा तक्ता मागून घ्या आणि डॉक्टरांना नेमक्या त्याच तारखांबद्दल विचारा.