जुन्या गाडीचं ऐकायचं नसतं

सेकंडहँड गाडी घेतलीत, पेढे वाटलेत, चाकाखाली लिंबू चिरडलंत. आता पुढची वर्षं सुखात काढायची असतील तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही गाडी बडबडी आहे. ती दिवे लावून सांगते, काटा हलवून सांगते, चाकातून किंचाळते, बॉनेटमधून वाफा सोडते आणि एवढं करूनही तुम्ही ढिम्म राहिलात तर भररस्त्यात बसकण मारते. अशा तोंडाळ गाडीबरोबर संसार करायचा, तर तिचं तोंड बंद करायला शिकलं पाहिजे. दुरुस्ती वगैरे नवशिक्यांनी करावी.

सुरुवात डॅशबोर्डवरच्या दिव्यांपासून. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की काही घाबरट लोक धावत जाऊन स्कॅनर लावून घेतात. मग कोड निघतो, कुठला सेन्सर बिघडलाय ते कळतं, आणि एकदा कळलं की तो बदलावा लागतो. हे अज्ञान टिकवण्यासाठी काळी चिकटपट्टी पुरते. नखाएवढा तुकडा कापा, दिव्यावर लावा. एअरबॅगच्या दिव्याचं काम मात्र कसबी हातांनाच द्या. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझला पाहिजे, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला संशय येतो. म्हणून जाणकार मिस्त्री त्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. दोघे जोडीनं लागतात, जोडीनं विझतात. एअरबॅग उघडणार का, हा प्रश्न आयुष्यात फार तर एकदा येतो. दिवा रोज दिसतो.

तेलाच्या झारीचा लाल दिवा थोडा आगाऊ असतो. तो तेल जुनं झाल्यावर लागत नाही, तेलाचा दाब गेल्यावर लागतो. म्हणजे तो लागेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडू लागलेली असतात. तेव्हा इंजिन जागच्या जागी बंद करावं असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल पहिल्या मालकाकडेच राहिलं, त्यामुळे ते तुम्हाला लागू नाही. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणा आणि चला. डिपस्टिक ओढून तेल बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि एवढा रिकामा वेळ आहे कुणाकडे?

आता गाडीच्या अंगातल्या तापाकडे वळू. जुन्या गाडीच्या मालकाची खरी परीक्षा इथेच होते. पहिला नियम, रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, म्हणजे कूलंट, घालायचं नाही. ते विकत मिळतं आणि बोअरचं पाणी फुकट. आता कूलंटमुळे आतून गंज चढत नाही, पाणी उशिरा उकळतं, हे सगळं खरं. पण बोअरच्या पाण्यातले क्षारही काही वाया जात नाहीत. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत शिस्तीत थर लावून बसतात. दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या बुजतात आणि गाडी तापू लागते.

तापू लागली की मिस्त्रीकडे न्या. तो बॉनेटमध्ये डोकं घालील, ‘साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडच्या हवेत लागतच नाही,’ म्हणेल आणि काढूनही टाकील. थर्मोस्टॅट ही साधी झडप असते. पाणी ८२ अंशांच्या आसपास गेलं की ती उघडायला लागते, तोवर इंजिनाला लवकर तापू देते. ती गेल्यावर इंजिन थंडच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो जास्त पेट्रोल ओतत राहतो. अ‍ॅव्हरेज पडलं की तुम्ही पुन्हा त्याच मिस्त्रीकडे जाता आणि तो प्लग बदलतो. दोन घरांतले संबंध असेच टिकतात.

त्यानंतर रेडिएटरच्या फॅनचा रिले, म्हणजे फॅन आपोआप चालू-बंद करणारा स्विच, जातो. रिले बदलणं म्हणजे मिस्त्रीच्या कल्पकतेचा अपमान. तो स्टिअरिंगखाली, तुमच्या गुडघ्याजवळ, घरात ट्यूबलाइटला असतो तसा एक स्विच बसवून देतो. याला ‘फॅन डायरेक्ट केला’ असं म्हणतात. जे काम गाडी स्वतःहून करत होती ते आता तुम्ही करायचं. हे कुटुंबात वाटून घ्या. सिग्नलला थांबलं की बायकोनं ‘फॅन लावलास का?’ विचारायचं, मागच्या सीटवरून मुलीनं काट्यावर नजर ठेवायची. घरी पोचल्यावर स्विच बंद करायची आठवण मात्र कुणाकडेच सोपवू नका. सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, आणि वॉचमन, दूधवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका धक्का मारायला एकत्र येतात. एरवी सोसायटीत कोण कुणाशी बोलतं?

एवढी तयारी झाली की मे महिन्यात पाच माणसं, सामान आणि एसी यांसह खंबाटकी चढायला घ्या. काटा लाल रेघेला टेकला तरी एसी बंद करायचा नाही, मागची माणसं आपली आहेत. अर्ध्या घाटात वाफा दिसल्या की गाडी थांबतेच. भोवती चौघे जमतात आणि त्यातला एक ‘रेडिएटरचं झाकण उघडा, वाफ जाऊ द्या,’ म्हणतोच. झाकणामुळे आत दाब असतो आणि त्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की ते सगळं एकाच क्षणी उकळून बाहेर येतं आणि तोंडावर बसतं. म्हणून सल्ला देणाऱ्याला आदरानं म्हणा, ‘तुम्हीच उघडा ना.’ तो लगेच दोन पावलं मागे सरकतो आणि त्याला त्याच्या गाडीतला फोन आठवतो.

इंजिन निवायला पाऊण तास लागतो. तेवढं थांबणं तुमच्या स्वभावात नाही, हे मला ठाऊक आहे. तापलेल्या इंजिनात बिसलरीतलं गार पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियमचं हेड अशानं वाकतं, क्वचित तडकतंही. मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरतं, घासून सपाट करायला (फेसिंगला) जातं, मधलं गॅस्केट नवं पडतं आणि बिल पाच आकडी होतं. पण कूलंटचे पैसे वाचले ते वाचलेच.

घाट चढून झाला तर उतरायचाही असतो. इथे आपल्या वाडवडिलांची शिकवण पाळा, न्यूट्रल करा आणि पेट्रोल वाचवा. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात काही अर्थ असेलही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून पाय उचलला की पेट्रोल मुळी बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला थोडं थोडं जळत राहतं. म्हणजे तुम्ही पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्रोल जाळता. त्याहून बचत हवी असेल तर इंजिनच बंद करून ताम्हिणी उतरा. ब्रेकला ताकद देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो, त्यामुळे दोन-तीनदा पेडल दाबलं की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक ऑइल न बदलण्याचा फायदाही इथेच मिळतो. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. नाही बदललं, तर लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. एकाच घाटात दोन्ही अनुभव घेणारे लोक आहेत. ते फारसं बोलत नाहीत.

आवाजांबद्दल फार लिहायला नको. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आली तर एक्सलचा जॉइंट, स्पीडब्रेकरवर खटखट झाली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं बुश, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना चीं वाजलं तर पट्टा. यातलं एकही ओळखता येऊ नये एवढा मोठा स्पीकर बसवून घ्या. ब्रेकपॅडचा किंचाळा सर्वांत चिवट असतो. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची बारीक जीभ असते, आणि पॅड झिजले की डिस्कला घासून ओरडायचं एवढंच तिचं काम. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी तुमच्यासारख्यांचा विचार करूनच ती बसवलेली असते. तुम्ही मिस्त्रीला सांगून ती जीभ वाकवून घ्या. पुढे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासलं की डिस्कही नव्या घ्याव्या लागतात, पण तो वेगळ्या महिन्याचा खर्च.

टायरला भोक नाही तोवर टायर नवा.

एखादा पार्ट घ्यावाच लागला तर पुण्यात नाना पेठेत जा. दुकानदार तुमच्याकडे न बघता विचारील, ‘ओरिजिनल देऊ, का चालेल तो?’ तुम्ही ‘चालेल तो’ म्हणा, कारण चालतं म्हटल्यावर अडचण काय? टायमिंग बेल्टदेखील असाच घ्या, किंवा घेऊच नका. इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा रबराचा पट्टा आहे, बाहेरून दिसत नाही, कुरकुरत नाही, कसला दिवा लावत नाही. आयुष्यभर गप्प राहतो. ज्याचं कधीच ऐकावं लागत नाही असा गाडीतला हा एकटाच पार्ट. साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदला असं कंपन्या सांगतात. तुमचं मीटर आधीच्या मालकानं मागे फिरवलेलं असल्यामुळे तो आकडा तुमच्या हयातीत येणार नाही. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. मग मात्र आवाज होतो.

मिस्त्रीवर श्रद्धा ठेवा. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा जाळीचा डबा ‘चोक झालाय, पिकअप मारतोय, काढून टाकू’ असं म्हणून त्यानं काढला आणि लेबरही घेतलं नाही, तर त्याचा हात धरून आभार माना. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असतं. ते घरात ठेवून काय करणार होता तुम्ही? धुराचं म्हणाल तर तो मागच्या गाडीवाल्याचा प्रश्न आहे.

पंधराव्या वर्षी आरटीओत पासिंग येतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर निराळा. मेव्हण्याच्या गाडीचे टायर रात्रीपुरते आपल्या गाडीला लावणं, सगळे बल्ब उजळणं, इंजिन वाफेनं धुऊन तेलाची गळती दोन तासांपुरती अदृश्य करणं, एवढ्या तयारीत पासिंग होऊन जातं. दुसऱ्या दिवशी टायर परत करायला विसरू नका. मेव्हण्याला त्याच टायरांवर गावी जायचं असतं.

शेवटी एक दिवस गाडीचं म्हणणं ऐकू येणं टाळता येत नाही. अशा वेळी विकायच्या भानगडीत पडू नका, गिऱ्हाईक बॉनेट उघडायला सांगतं. पुतण्या कॉलेजात गेला असेल, त्याला ‘हात साफ करायला’ म्हणून देऊन टाका. घरात तुमचं नाव होईल. कागद नावावर करून द्यायची घाई नको. मालकी बदलल्याचं चौदा दिवसांत कळवा असं कायदा म्हणतो खरा. आणि अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला आहे. पण घरातल्या घरात कोण कोर्टात जातंय? शिवाय चलनं तुमच्याच फोनवर येत राहतील. पोरगं मंगळवारी रात्री साडेअकराला लोणावळ्यात काय करत होतं, हे त्याच्या आईच्या आधी तुम्हाला कळेल. वहिनींना सांगू नका, त्याच्याकडून चलनाचे पैसे घ्या.