अंगठा जुळला नाही म्हणून नाव का कापायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार.

रेशनच्या ई-केवायसीवर, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ओळख-तपासणीवर, मी लिहिलेल्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आणि तिला ‘अगदी बरोबर’ म्हणणारेही बरेच आहेत. म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. आपलं म्हणणं थोडक्यात असं: कोणीही उठतो आणि रेशनमध्ये नाव घालून येतो; दारात गाडी असलेले लोक कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, रांगेत दिसतात; आमच्या कराच्या पैशातल्या फुकटच्या धान्याने माणूस आळशी होतो; मिळालेलं धान्य विकलं जातं. आणि शेवटी, ‘खरा असेल तर अंगठा लावायला त्याचं काय जातं?’

तपासणी व्हावी, याबद्दल आपलं दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो ती नेमकी कोणाला पकडते यावर.

गाडीवाल्याचंच घ्या. त्याचं नाव जरूर कापावं. आपल्याला असं कुटुंब माहीत असेल तर १८१ या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा, मी सोबत आहे. पण ई-केवायसीचं मशीन दारातली गाडी बघत नाही. आधारमधला माणूस तो हाच ना, एवढंच ते तपासतं. गाडीवाल्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळतो, त्याचा मोबाइल आधारला जोडलेला असतो, पत्ता बरोबर असतो. अडतात ते कामाने हात झिजलेले लोक.

इथे इंदुरात रामबागेजवळ पोळ्यांची कामं करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचे सासरे हुकुमचंद कापड मिलमध्ये होते, १९९१ साली मिल बंद पडली तेव्हा रस्त्यावर आलेल्यांपैकी एक. थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तो बघायला सासरे उरले नव्हते. मावशींबरोबर मी दुकानात उभी होते. उजवा अंगठा लावला, मशीनने नाकारला. दुकानदार म्हणाला, हात पुसून लावा. त्यांनी पदराला पुसला, पुन्हा नाही. मग तर्जनी, मग डावा हात. रोज तव्याशी भाजून आणि कणकेत राहून बोटांच्या टोकांवरच्या रेषा अगदी सपाट झाल्या आहेत, नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. मागची रांग कुरकुरायला लागली तसं मावशींनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, ‘राहू दे, पुन्हा येईन.’ पुन्हा येणं म्हणजे दोन घरचं काम बुडवणं. अंगठा लावायला काय जातं, या आपल्या प्रश्नाचं हे माझं उत्तर.

हा एकट्या मावशींचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. झारखंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या रेशनकार्डांचा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. रद्द झालेल्यांपैकी खरोखर बोगस निघाली ती साधारण दहातलं एक, बाकीची हाडामांसाच्या कुटुंबांची होती. त्याच राज्यात सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्यामुळे कार्ड रद्द झालं होतं आणि घरात अन्न नव्हतं, असं घरच्यांनी सांगितलं. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळवलं की केवळ आधार नाही म्हणून कोणाचं नाव कापू नका आणि धान्य नाकारू नका. दुकानात कोणी परत पाठवलं तर ही गोष्ट ठामपणे सांगता यायला हवी.

आणि चोरी? ती मापात होते. पाच माणसांचे २५ किलो निघतात, हातात २२ पडतात. अंगठ्यावरून आलं कोण ते कळतं, पिशवीत किती पडलं ते कळत नाही.

‘कोणीही नाव घालून येतो’ हे तर मध्य प्रदेशात मुळीच खरं नाही. आधी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीचा क्रमांक, लागते, कुटुंबाची आठ आकडी आणि प्रत्येक माणसाची नऊ आकडी. मग नुसती गरिबी पुरत नाही, ठरवलेल्या एखाद्या श्रेणीत बसावं लागतं: बीपीएल, अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबं), बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले वगैरे. त्याचा कागद घेऊन नगर निगमच्या झोनमध्ये अर्ज, पडताळणी, आणि मग पात्रता पर्ची, म्हणजे रेशन मिळण्याची चिठ्ठी. एवढं करूनही जागा शिल्लक असावी लागते, कारण प्रत्येक राज्याची संख्या २०११ च्या जनगणनेवरून बांधून दिलेली आहे. त्यानंतर इंदूर केवढं वाढलं, हे आपण सुदामानगरातून बघताच आहात.

नाव लागलं तरी ते टिकवायचं काम संपत नाही, आणि माझा मूळ लेख त्याबद्दलच होता. सून घरात येते, पण तिचं नाव माहेरच्या समग्रमध्ये असतं; तिथून निघेपर्यंत इकडे चढत नाही. मूल पाच वर्षांचं झालं की आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधारमध्ये बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिलं की त्याची ई-केवायसी अडते. जुलै २०२५ च्या केंद्राच्या आदेशानुसार सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होतं. बाळंतपणाला, आजारपणात, मजुरीसाठी बाहेर गेलेल्या घरांचं काय होत असेल? खरं तर आता देशात कुठल्याही रेशन दुकानात धान्य उचलता येतं. बुऱ्हाणपूरहून इंदुरात बांधकामावर आलेल्या कुटुंबाला ते इथेच मिळू शकतं. पण हे त्यांना कोणी सांगतच नाही.

आळशीपणाबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतोय. कायद्याने माणशी महिना पाच किलो मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. पूर्वी आपल्याकडे रुपया किलो होतं, १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. घरी मोजून बघा, पाच-सहा पोळ्या होतात. दिवसभरात. तेल, डाळ, भाजी, गॅस, भाडं, मुलांची फी यातलं काहीही त्यात नाही. एवढ्यावर काम सोडून घरी बसलेला माणूस मला अजून भेटायचाय.

विक्रीचं म्हणाल तर होते, नाकारत नाही. पण काय विकलं जातं ते बघा. २०२२ मध्ये गव्हाची सरकारी खरेदी घसरली आणि आपल्या राज्याच्या वाट्याचा गहू कमी करून तांदूळ वाढवला गेला. माळव्यात घरोघरी गहू खातात. जास्तीचा तांदूळ देऊन कोणी पीठ-तेल आणलं, तर नियमाने ते चूकच, पण ते धान्य नको होतं म्हणून विकलं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

कराच्या पैशाबद्दल एकच. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा याला हक्क म्हणतो. धान्य मिळालं नाही तर भत्ता द्यावा, जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असावा, कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली मोठी बाई असावी, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. कर मावशीही भरतात, साबणावर आणि चहापत्तीवर.

आपल्याकडे पोळ्यांना बाई येतात, असं आपणच लिहिलंय. त्यांना विचारा, घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का. दुकानात ती फुकट होते आणि बोट जुळत नसेल तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवूनही होते. त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तेवढा फोन जवळ हवा. हे आपल्या मोबाइलवर दहा मिनिटांत करता येईल. नंबर जोडलेला नसेल तर त्यांना आधी आधार केंद्रात जावं लागेल, त्यासाठी एक सकाळ सुट्टी द्या आणि पगार कापू नका. समग्रमध्ये कोणाचं नाव अडकलेलं निघालं तर इथेच लिहा, कुठे जायचं आणि कोणते कागद न्यायचे ते मी सांगते.