खुलासा : डब्यावरचे ‘ड्रॅम’ म्हणजे पावडरचे माप नव्हे

अमेरिकेत ट्रॅप नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर छऱ्याच्या बंदुकीने नेम साधणे) करणाऱ्या आपल्या काही मंडळींमध्ये एक समज फिरतो आहे : १२ बोअरच्या काडतुसांच्या डब्यावर पावणेतीन ड्रॅम लिहिले असेल, तर घरी काडतूस भरताना तेवढीच पावडर घालायची. हे चूक आहे, आणि जीवघेणे आहे.

ड्रॅम हे जुन्या काळ्या दारूचे माप. पावणेतीन ड्रॅम म्हणजे सुमारे ७५ ग्रेन (जेमतेम पाच ग्रॅम). डब्यावरचा आकडा इतकेच सांगतो, की तेवढ्या काळ्या दारूने छऱ्यांना जो वेग मिळाला असता तोच या काडतुसात मिळतो. आजची धूरविरहित पावडर त्या कामाला साधारण एक चतुर्थांश वजनाची लागते. ७५ ग्रेन भरली तर नळी फुटेल. बोटे जातील, डोळे जातील.

‘हलके काडतूस हवे तर जड काडतुसाचीच पावडर कमी घाला’ हा सल्लाही तितकाच वाईट. जड भारासाठीची, म्हणजे छऱ्यांच्या जास्त वजनासाठीची, मंद जळणारी पावडर नीट जळायला दाब मागते. पाऊण-एक औंस छऱ्यांमागे तो पुरेसा तयारच होत नाही, थंडीत तर नाहीच. अर्धवट जळालेल्या पावडरमुळे वॅड (पावडर आणि छऱ्यांमधला बोळा) नळीत अडकू शकतो आणि पुढचा बार त्यावर आदळतो. हलक्या भाराला रेड डॉट, क्लेज यांसारखी जलद पावडरच घ्यावी. काडतुसाची खोळ, कॅप (पावडर पेटवणारी टोपी), वॅड, छऱ्यांचे वजन, सगळे उत्पादकाच्या तक्त्यात आहे तसेच. एकही घटक मनाने बदलू नका.

भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.